ट्रायग्लिसराइड्स चढलेले आणि एचडीएलही चढलेलं? फॉस्फोटंगस्टिक पद्धतीतली नेहमीची अडचण

डॉक्टरांचा फोन येतो: "याचे ट्रायग्लिसराइड्स ३५० आणि एचडीएल ६८? काहीतरी गडबड आहे, रिपीट करा." आपण रिपीट करतो, ६६ येतं. सकाळचा कंट्रोल (उत्तर आधीच माहीत असलेलं सीरम) रेंजमध्ये होता, स्टँडर्डचा (ठराविक प्रमाणाच्या द्रावणाचा) ओडी, म्हणजे मशीनने मोजलेलं प्रकाशशोषण, रोजच्यासारखाच होता, म्हणून "सर, रिपीट केलं, तेच येतंय" असं कळवून विषय मिटतो. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या पेशंटवर तोच प्रकार. किट बदललं, कंपनी बदलली, तरी अधूनमधून हे होतच राहतं.

डायरेक्ट एचडीएलचं किट परवडत नाही म्हणून सेमी-ऑटो मशीनवर प्रेसिपिटेशन करणाऱ्या, म्हणजे फॉस्फोटंगस्टिक ॲसिडने बाकीचं कोलेस्टेरॉल खाली पाडून वर राहिलेल्या द्रवातलं एचडीएल मोजणाऱ्या, लॅब आपल्याकडे अजून भरपूर आहेत, आणि त्यात काही कमीपणा नाही. नीट केली तर पद्धत चांगली आहे. पण डॉक्टरांची शंका मात्र बहुतेक वेळा रास्त असते. ट्रायग्लिसराइड्स वर गेलेल्या माणसाचं एचडीएल सहसा खाली असतं. दोन्ही एकदम वर असलेले पेशंट भेटतात, नियमित दारू घेणाऱ्यांत किंवा इस्ट्रोजेनच्या गोळ्या चालू असलेल्या बायकांत तसं दिसू शकतं, पण ते थोडे. म्हणून असा आकडा आला की पेशंटच्या आधी आपल्या नळीवर संशय घ्यायचा.

पहिला प्रश्न: रिपीट नेमकं कशाचं केलं? दहापैकी आठ ठिकाणी त्याच नळीतलं, तेच सुपरनॅटंट (वर राहिलेला द्रव) पुन्हा कोलेस्टेरॉल रीएजंटमध्ये घालून वाचलेलं असतं. त्यातून एवढंच कळतं की पिपेट आणि मशीन दोन्ही वेळा सारखं वागले. सुपरनॅटंटमध्ये जे नको ते उरलं असेल तर ते दुसऱ्या वेळीही तिथेच असणार. रिपीट म्हणजे सीरमपासून नवीन प्रेसिपिटेशन. याशिवाय केलेल्या रिपीटला अर्थ नाही.

कंट्रोल पास होतो, मग पेशंट कसा चुकतो

यावर लॅबमध्ये कायम वाद होतो. उत्तर साधं आहे. बाजारातल्या नॉर्मल कंट्रोल सीरममध्ये ट्रायग्लिसराइड्स बेताचे असतात, त्यामुळे त्याचा साका, म्हणजे खाली पडलेला गाळ, घट्ट बसतो आणि वर स्वच्छ पाणी राहतं. जिथे पद्धत अडते, त्या जागेची परीक्षा तो कंट्रोल घेतच नाही. लेव्ही-जेनिंग्ज चार्टवर (रोजच्या कंट्रोलच्या आलेखावर) महिनाभर सरळ रेघ असेल आणि तरी लायपेमिक, म्हणजे चरबीने दुधाळ झालेल्या, सॅम्पलचं एचडीएल दुप्पट छापलं जात असेल, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

नळीत काय घडतं ते डोळ्यासमोर असेल तर पुढचं सगळं सोपं जातं. फॉस्फोटंगस्टिक ॲसिडचा आयन म्हणजे एक भलामोठा पिंजरा: मधोमध एक फॉस्फरस, भोवती १२ टंगस्टन आणि ४० ऑक्सिजन. १९३३ मध्ये जे. एफ. केगिन यांनी क्ष-किरणांच्या मदतीने ही रचना उलगडली, म्हणून रसायनशास्त्राची मंडळी त्याला केगिन आयन म्हणतात. स्फटिकातल्या पाण्याचा हिशोब सोडला तर ॲसिडचा रेणुभार २८८० च्या आसपास जातो. एवढ्या मोठ्या ऋणभारित आयनाला मॅग्नेशियमची जोड मिळाली की तो सीरममधल्या अपो-बी प्रथिन असलेल्या कणांना, म्हणजे एलडीएल आणि व्हीएलडीएलला, एकत्र बांधून खाली पाडतो. एचडीएलवर अपो-बी नाही, म्हणून ते वर द्रावणात राहतं. बर्स्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० मध्ये अशा पॉलीॲनायननी (मोठ्या ऋणभारित आयनांनी) लायपोप्रोटीन, म्हणजे रक्तात चरबी वाहणारे हे कण, वेगळे करण्याची पद्धत मांडली. १९७७ मध्ये लोपेस-व्हिरेला यांच्या गटाने एचडीएल वेगळं करण्याच्या तीन पद्धती शेजारी ठेवून तपासल्या. किटच्या पत्रकाच्या तळाशी ही नावं बरेचदा दिसतात, आपण तिथपर्यंत वाचत नाही इतकंच.

आता लायपेमिक सॅम्पलचं काय होतं? बांधले तर त्यातले कणही जातात. अडचण खाली बसण्याची आहे. व्हीएलडीएल आणि कायलोमायक्रॉन (जेवणानंतर रक्तात येणारे चरबीचे कण) चरबीने इतके भरलेले असतात की ते मुळातच पाण्यापेक्षा हलके. टंगस्टनचं वजन अंगावर पडूनही काही गठ्ठे तळाला जात नाहीत. काही अधांतरी तरंगतात, काही वर येऊन पातळ पांढरा थर धरतात. तिथून पिपेटने १०० मायक्रोलिटर उचललं की व्हीएलडीएलचं कोलेस्टेरॉल एचडीएल म्हणून मोजलं जातं.

त्यात भर म्हणजे आकारमान. टोटल कोलेस्टेरॉलला आपण १ मिलि रीएजंटमध्ये १० मायक्रोलिटर सीरम घालतो, एचडीएलला १०० मायक्रोलिटर सुपरनॅटंट. थोडंसं गढूळपणही क्युव्हेटमध्ये प्रकाश विखुरतं आणि ५०५ नॅनोमीटरला ओडी फुगवतं. म्हणजे चूक दोन वाटांनी येते: एक गढूळपणाची, दुसरी खऱ्याखुऱ्या आगंतुक कोलेस्टेरॉलची. काही जण सॅम्पल ब्लँक लावून, म्हणजे रंग देणाऱ्या रीएजंटशिवाय सॅम्पलचा ओडी वाचून, तो वजा करतात. त्याने पहिली वाट बंद होते, दुसरी उघडीच राहते. ब्लँकचा उपयोग निदानापुरता करा: १०० मायक्रोलिटर सुपरनॅटंट १ मिलि सलाइनमध्ये घालून त्याच तरंगलांबीवर वाचा. पाण्याच्या तुलनेत ओडी दिसण्याइतका असेल तर ते सुपरनॅटंट पुढे न्यायच्या लायकीचं नाही.

नळी बघायची कशी

सेंट्रिफ्यूजमधून (नळ्या वेगाने फिरवणाऱ्या यंत्रातून) काढलेली नळी रॅकमध्ये ठेवूनच पिपेट घालायची सवय असते. नळी हातात घ्या, डोळ्यांच्या पातळीवर धरा आणि मागे छापील कागद ठेवा. वर्तमानपत्राचा बारीक मजकूरही चालतो. अक्षरांच्या कडा स्वच्छ दिसल्या पाहिजेत. कडा पुसट दिसल्या तर थांबा. मग नळी हलकीच तिरपी करून पृष्ठभागाकडे बघा. काचेच्या कडेला चिकटलेली पांढरी कड, किंवा नासलेल्या दुधासारखे बारीक कण वर फिरताना दिसले, तर खालचा द्रव कितीही स्वच्छ वाटो, ती नळी बाद. शेवटी तळ बघा. चांगला साका तिरप्या नळीतही जागचा हलत नाही. तो घसरत असेल, ढगासारखा उठत असेल, तर फिरवणं कमी पडलंय.

हे बघायला अर्धा मिनिट लागत नाही. माझ्या मते या तपासणीचं खरं क्वालिटी कंट्रोल इथे आहे, चार्टवर नंतर. लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा (डीएमएलटी) करून आलेल्या नव्या मुलामुलींना मशीन शिकवण्याआधी मी हे शिकवतो, आणि रजिस्टरमध्ये एचडीएलच्या रकान्याशेजारी "स्वच्छ" की "गढूळ" लिहायला लावतो. आठवड्याभराचं रजिस्टर उघडलं की कोणते आकडे भरवशाचे ते सांगायला मग मशीन लागत नाही.

गढूळ आलं तर

सीरम सलाइनने पातळ करा. एक भाग सीरम, एक भाग ०.९ टक्के सोडियम क्लोराइड, नीट मिसळा, आणि हे मिश्रण म्हणजेच सॅम्पल समजून पहिल्यापासून प्रेसिपिटेशन करा. आलेल्या उत्तराला २ ने गुणा. लक्षात घ्या, पातळ सीरम करायचं, गढूळ सुपरनॅटंट नव्हे. सुपरनॅटंट पातळ करून वाचणं म्हणजे घाण अर्धी करून पुन्हा दुप्पट करणं. तरीही हे करणारे लोक मी पाहिलेत, आणि मोठ्या आत्मविश्वासाने करणारे पाहिलेत.

वर दिलेल्या उदाहरणावर हे लावून बघू. समजा टोटल कोलेस्टेरॉल २२०, ट्रायग्लिसराइड्स ३५० आणि गढूळ सुपरनॅटंटवरून एचडीएल ६८. फ्रीडवाल्डच्या सूत्राने एलडीएल काढायचं तर ट्रायग्लिसराइड्सचा पाचवा भाग ७०, म्हणजे २२० वजा ६८ वजा ७०, आलं ८२. कोलेस्टेरॉल-एचडीएल रेशो ३.२. रिपोर्ट बघून पेशंट घरी पेढे वाटेल. आता सीरम पातळ करून सुपरनॅटंट स्वच्छ मिळालं आणि एचडीएल ३४ आलं असं धरा. एलडीएल होतं ११६, रेशो जवळजवळ ६.५. एका गढूळ नळीने एकाच पेशंटचे तीन आकडे चांगल्या बाजूला ढकलले होते. एचडीएलची चूक एकटी कधीच राहत नाही, ती वजाबाकीतून एलडीएलमध्ये उतरते आणि गोळी द्यायची की नाही हा निर्णय तिथून होतो.

पातळ करण्याची किंमत आहे. ओडी लहान होतो, पिपेटिंगची बारीक चूकही दुप्पट होते. म्हणून असं सॅम्पल दोन नळ्यांत करा आणि दोन्ही उत्तरं जुळतात का बघा. एकास एक करूनही गढूळच राहिलं तर एकास दोनपर्यंत जा. त्यापुढे ताणण्यात अर्थ नाही, सॅम्पल डायरेक्ट पद्धतीच्या लॅबकडे पाठवा.

पेशंट उपाशीपोटी आला होता का, हे विचारायला विसरू नका. "फक्त चहा-बिस्कीट घेतलं" म्हणजे उपाशी नव्हे. सीरम दुधाळ असेल तर थोडं रात्रभर फ्रिजमध्ये उभं ठेवा. सकाळी वर सायीचा थर दिसला तर कायलोमायक्रॉन आहेत, बहुधा जेवून आलेला पेशंट. त्याला ९ ते १२ तास उपाशी राहून पुन्हा बोलवा. थर न येता सगळंच सारखं गढूळ राहिलं तर व्हीएलडीएल वाढलेलं आहे, आणि पुन्हा बोलावून फार फरक पडणार नाही.

सेंट्रिफ्यूज

किटवर लिहिलेलं असतं: ४००० आरपीएम (मिनिटाला फेरे), १० मिनिटं. आपल्या डॉक्टर मॉडेल सेंट्रिफ्यूजच्या बटणावर आकडे असतात १, २, ३, ४. चारवर फिरवलं की ४००० झालं, असं आपण मानतो. कार्बन ब्रश झिजलेले असतील, दुपारी व्होल्टेज पडलं असेल किंवा आठ नळ्या पाण्याने काठोकाठ भरून बॅलन्स केलेल्या असतील, तर तो चार म्हणजे प्रत्यक्षात ३००० सुद्धा असू शकतो.

आणि फरक दिसतो त्याहून मोठा असतो. खाली ओढणारं बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतं. सूत्र असं: ०.००००१११८ गुणिले त्रिज्या सेंटिमीटरमध्ये, गुणिले आरपीएमचा वर्ग. १० सेंटिमीटर त्रिज्येला ४००० आरपीएमवर सुमारे १७९० जी (गुरुत्वाकर्षणाच्या तितक्या पट बल) मिळतात, ३००० वर जेमतेम १००६. वेग पाव हिश्शाने घटला, बल ४४ टक्क्यांनी घटलं. नॉर्मल सॅम्पलचा साका तेवढ्यातही बसतो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. लायपेमिक मात्र अडकतं. सर्व्हिसवाला येईल तेव्हा त्याच्याकडून टॅकोमीटरने खरा वेग मोजून घ्या आणि सेंट्रिफ्यूजवर चिकटपट्टीवर लिहून ठेवा. मायक्रोफ्यूज असेल तर लायपेमिक सॅम्पल सरळ त्यात घ्या. ६ सेंटिमीटर त्रिज्येला १२००० आरपीएमवर ९६०० च्या वर जी मिळतात.

रोटर हाताने थांबवायचा नाही. घाईत झाकण उघडून बोट लावणारे आहेतच. बोटाचं जे व्हायचं ते होईल, पण बसलेला साका त्या झटक्याने उठतो. थांबल्यावर नळ्या लगेच बाहेर काढा आणि सुपरनॅटंट मधल्या भागातून उचला, पृष्ठभागावरूनही नको आणि साक्याजवळूनही नको. तासन् तास नळी तशीच ठेवून नंतर वाचू नका.

फिरवण्याआधीचं मिसळणंही तितकंच महत्त्वाचं. सीरम रीएजंटपेक्षा जड असतं. आधी सीरम आणि वरून रीएजंट सोडून नळी नुसती टिचकी मारून ठेवली तर तळाला सीरमचा थर राहतो. व्होर्टेक्स (नळी घुसळणारं यंत्र) नसेल तर पॅराफिल्म लावून उलटसुलट करा, आणि मग किटवर सांगितलेला वेळ, बहुतेकांत १० मिनिटं, उभं ठेवा. सीरम आणि रीएजंट फ्रिजमधून काढल्या काढल्या वापरायचे नाहीत. दुसऱ्या टोकाला, मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे एसी बंद असलेल्या खोलीत जे "रूम टेम्परेचर" असतं ते किट लिहिणाऱ्याच्या मनात नव्हतं. ही पद्धत तापमानाला हळवी आहे, तेव्हा भिंतीवर एक थर्मामीटर टांगा.

"थोडं जास्त टाकलं की साफ होतं"

हा उपाय हमखास कुणीतरी सुचवतो. ऐकू नका. प्रेसिपिटेटिंग रीएजंट जास्त घातलं की सुपरनॅटंट खरंच साफ दिसतं, पण फॉस्फोटंगस्टेट आणि मॅग्नेशियमचं प्रमाण वाढवत नेलं की एचडीएलही खाली पडायला लागतं. बर्स्टीन यांच्या कामाचा गाभाच हा होता की प्रमाण बदललं की कोणता लायपोप्रोटीन पडणार ते बदलतं. किटमधलं प्रमाण एलडीएल-व्हीएलडीएल पडावेत आणि एचडीएल राहावं अशा अरुंद जागेवर बेतलेलं आहे. चालू किटच्या एका प्रकारात फॉस्फोटंगस्टिक ॲसिड लिटरला ०.५५ मिलिमोल आणि मॅग्नेशियम क्लोराइड २५ मिलिमोल असतं, आणि सीरम २०० मायक्रोलिटरला रीएजंट ५०० मायक्रोलिटर. दुसऱ्या प्रकारात सीरम आणि रीएजंट समसमान, पण रीएजंट अधिक तीव्र. एकाचं प्रमाण दुसऱ्याला लावलं की गेलं सगळं.

याच कारणाने उलटी तक्रारही येते: सगळ्या पेशंटचं एचडीएल २५-२८. अशा वेळी रीएजंटच्या बाटलीचं झाकण बघा. पंख्याखाली उघडी राहिलेली बाटली पाणी उडून तीव्र होते. पाण्यात पातळ करून वापरायचं रीएजंट असेल तर ते कुणी, कशाने, किती पातळ केलं ते विचारा. इथे कंट्रोल मात्र कामाला येतो, कारण ही चूक सगळ्यांवर सारखी पडते.

पातळ करायला डिस्टिल्ड किंवा डीआयोनाइज्ड पाणीच हवं. बोअरच्या जड पाण्यात बायकार्बोनेट असतात, ते पीएच वर नेतात, आणि केगिन आयनाला आम्लच मानवतं. पीएच चढत गेला की पिंजऱ्यातून आधी एक टंगस्टन सुटतो, अल्कलीत तर तो पुरता मोडून साधं टंगस्टेट आणि फॉस्फेट उरतं. त्या द्रावणाने एलडीएल नीट पडत नाही. साबणाच्या पाण्यात धुऊन नीट न खंगाळलेली बाटली हेच करते. जुन्या बाटलीच्या तळाशी उरलेल्यात नवीन ओतायची सवय त्याहून वाईट, कारण दोष कोणत्या लॉटचा ते पुन्हा कधीच कळत नाही.

चांगलं रीएजंट पाण्यासारखं रंगहीन आणि स्वच्छ असतं. त्याला निळसर झाक दिसली तर समजा की काहीतरी क्षपण (रिडक्शन) करणारं आत गेलंय: धातूचा चमचा, दुसऱ्या रीएजंटमधलं पिपेटचं टिप, सीरमचा थेंब. बाटली फेकून द्या. निळा रंग गाळून जात नाही.

सीरमऐवजी ईडीटीएची (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाची) नळी वापरण्याचा मोहही टाळा. ईडीटीए मॅग्नेशियमचा काही भाग स्वतःकडे ओढतो, शिवाय पेशींतून पाणी बाहेर काढून प्लाझ्मा किंचित पातळ करतो. नळी अर्धीच भरलेली असेल तर परिणाम आणखी वाढतो.

गुणाकार

सगळं नीट करूनही आकडा बरोबर दुप्पट किंवा बरोबर निम्मा येत असेल तर रसायनात शोधू नका, सूत्रात शोधा. २०० अधिक ५०० केलं तर सीरम ७०० मध्ये २०० आहे, फॅक्टर ३.५. समसमान केलं तर फॅक्टर २. काही किटमध्ये एचडीएलचा वेगळा स्टँडर्ड असतो, २५ मिग्रॅचा, आणि सूत्रात "गुणिले ५०" छापलेलं असतं. त्या ५० मध्ये पातळ केल्याचे २ आधीच धरलेले आहेत. आपण मशीनमध्ये स्टँडर्ड ५० भरतो आणि वर फॅक्टर २ ही भरतो. किट बदललं त्याच दिवसापासून आकडे बदलले असतील तर नव्वद टक्के हेच असतं. शिवाय एका कंपनीचं प्रेसिपिटेटिंग आणि दुसरीचं कोलेस्टेरॉल रीएजंट अशी जोडी लावली असेल, तर दोन्ही पत्रकं शेजारी ठेवून आकारमानं जुळतात का ते बघा.

ट्रायग्लिसराइड्स ४०० च्या वर असतील तर फ्रीडवाल्डचं सूत्र वापरायचंच नाही. १९७२ च्या मूळ लेखातच ती मर्यादा आहे. सॉफ्टवेअर तरी आकडा छापतं, कधी कधी उणे सुद्धा. ते सेटिंग बंद करून घ्या आणि त्या जागी "ट्रायग्लिसराइड्स ४०० पेक्षा जास्त, गणिताने एलडीएल देता येत नाही" एवढं छापा. डॉक्टर नाराज होत नाहीत. उणे एलडीएल बघून मात्र होतात.

हेच ॲसिड दुसऱ्या टेबलांवर

फॉस्फोटंगस्टिकचे स्वभाव दोनच लक्षात ठेवले, अल्कलीत मोडतं आणि क्षपण झालं की निळं होतं, तर बाकी ठिकाणच्या कटकटीही उलगडतात. युरिक ॲसिडच्या जुन्या पद्धतीत हा निळा रंगच मोजतात. सोडियम कार्बोनेट घातल्यावर युरिक ॲसिड फॉस्फोटंगस्टेटला निळं करतं आणि ओडी ७०० नॅनोमीटरच्या आसपास घेतात. तिथे व्हिटॅमिन सी घेणाऱ्याचं किंवा हिमोलाइज्ड सॅम्पल फुकट जास्त येतं, कारण निळं करणारे दुसरेही असतात. युरिकेज एन्झाइमची पद्धत आल्यावर ती मागे पडली ती यामुळेच. तिथे पोटॅशियमचे क्षार वापरले तर फॉस्फोटंगस्टेटचाच साका पडून गढूळ होतं, म्हणून सोडियम-लिथियमचे क्षार घेतात.

हिस्टोपॅथॉलॉजीत मॅसन ट्रायक्रोमला (ऊतींचे काप तीन रंगांत रंगवण्याच्या पद्धतीत) कोलॅजेन लालच राहिलं, निळं-हिरवं झालंच नाही, अशी तक्रार आली तर फॉस्फोटंगस्टिक-फॉस्फोमोलिब्डिकची पायरी कमी पडलेली असते. ते द्रावण थकलेलं असतं किंवा घाईत लवकर काढलेलं. घड्याळ बघून काढू नका, मायक्रोस्कोपखाली कोलॅजेनमधला लाल गेला का ते बघून काढा. पीटीएएच (फॉस्फोटंगस्टिक ॲसिड-हिमॅटॉक्सिलिन) स्टेनमध्ये स्नायूंचे पट्टे निळे येतात पण तांबूस भाग धुऊन जातो, तेव्हा शेवटी पाण्यात किंवा पातळ अल्कोहोलमध्ये स्लाइड रेंगाळली असते. सरळ ९५ टक्क्यांत जा, झटपट निर्जल करा.

इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीवाले तर हेच ॲसिड पीएच ७ पर्यंत आणून विषाणूंच्या निगेटिव्ह स्टेनिंगला वापरतात. ब्रेनर आणि हॉर्न यांनी १९५९ मध्ये ती रीत रूढ केली. मग आम्ही पीएचची एवढी काळजी का करायची, असं कुणी विचारेल. त्यांना विषाणूभोवती इलेक्ट्रॉन अडवणारा जड टंगस्टन हवा असतो, आपल्याला अपो-बी निवडून बांधणारं नेमकं द्रावण.

हिस्टोपॅथॉलॉजीच्या कपाटातली फॉस्फोटंगस्टिकची बाटली आणून एचडीएलचं रीएजंट घरी बनवायचा बेत असेल, तर लेबलवरचं पाणी बघा. हे ॲसिड स्फटिकातल्या पाण्यासकट विकतात आणि ते पाणी बाटली उघडी राहिली की कमी-जास्त होतं. तेवढ्याच ग्रॅममध्ये मग ॲसिड किती आहे ते नक्की राहत नाही, आणि एचडीएलच्या अरुंद जागेत तेवढा फरक खपत नाही. किट संपलं असेल तर शेजारच्या लॅबकडून चालू लॉटची बाटली उसनी आणा, कंट्रोल आणि आदल्या दिवसाचं एक स्वच्छ सीरम लावून बघा, आणि मगच पेशंटचे रॅक भरा.